पांढरे ठिपके, मोरचूद आणि १९५१ साल

मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असेलच. ते १९५१ मध्ये सुरू झालं. योगायोग बघा, त्याच वर्षी ई. एम. ब्राउन यांनी लंडनमध्ये खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या एका कुप्रसिद्ध परजीवीला नाव दिलं, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. जपानच्या सिकामा यांनी त्याचं वर्णन १९३७ मध्येच केलं होतं, पण टिकलं ते ब्राउन यांचं नाव.

हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत घुसून वाढतो. अंगावर साखर भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. काही दिवसांनी ते जातात आणि आपण म्हणतो, चला, बरा झाला! खरं तर परजीवी पोट भरून तळाशी उतरलेला असतो. तिथे तो स्वतःभोवती कवच करतो, आत विभागत राहतो आणि मग शेकडो पिल्लं बाहेर पडतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. समुद्रात बहुतेकांचं तेच होतं. पण तीन फुटांच्या टाकीत मासा पळून जाणार कुठे?

औषधाची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. तिथल्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये ऊडिनियम या दुसऱ्या परजीवीवर मोरचुदाचा उपाय मांडला. हो, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी लागतो तोच मोरचूद. पुढे तो पांढऱ्या ठिपक्यांवरही वापरात आला. पण तांबं मारतं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतला आणि कवचातला परजीवी सुखरूप राहतो. म्हणून लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं काही आठवडे सलग टिकवावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर मासाच मरतो. प्रवाळ आणि कोळंबी तर त्या प्रमाणातही तगत नाहीत.

एमएस्सीला असताना मी हा धडा अंधेरीच्या घरी गिरवला. टाकीत वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले हौसेने मांडले होते. रोज तांबं घालायचे, रोज मोजणी कमीच यायची. शिंपल्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट तांबं धरून ठेवतं, हे मला फार उशिरा कळलं. दोन्ही क्लाउनफिश गेले. आई म्हणाली, "त्यापेक्षा बाजारातून बांगडे आणले असतेस."

औषधाशिवायचाही एक मार्ग आहे. इस्रायलमधल्या एलातचे अँजेलो कोलॉर्नी यांनी १९८० च्या दशकात या परजीवीचं चक्र नीट अभ्यासलं. त्यातून निघालेली युक्ती अशी : दर तीन दिवसांनी मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या भांड्यात नव्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा. गळून पडलेले परजीवी पिल्लं बाहेर यायच्या आत मागे राहतात. आता आमच्या बाल्कनीत दोन टब असतात, एकात मासा, दुसरा उन्हात वाळत. जुलैत काही वाळत नाही, तेव्हा तिसरा आणावा लागतो.