कोरड्या पाटावरची दगडी मोरी

भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या सडकेने जाताना कधी एखादी दगडी मोरी लागते. घडीव दगडांची कमान, चुन्याचे सांधे. पण खाली पाणी नाही. नदी नाही, नाला नाही. गवत माजलेली एक चारी तेवढी दिसते. मग ही मोरी बांधली कशासाठी?

ती चारी म्हणजे तलावाचा पाट. आपला मुलूखच तलावांचा. चांद्याच्या गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमिनी मिळत. कोहळी समाजाने ही विद्या पिढ्यान् पिढ्या जोपासली. गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, अशी आख्यायिका आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला. 1999 पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. रीत साधी. डोंगरांमधली फट मातीच्या पाळीने बुजवायची, जादा पाण्याला सलंग ठेवायची आणि तुडुमातून हवे तेवढे पाणी पाटात सोडायचे. धान भरात असताना पावसाने ओढ दिली, की हेच पाणी पीक वाचवी.

1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावाची मालकी मालगुजारांना मिळाली आणि गावाच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदल्या गेल्या. पुढे पक्क्या सडका झाल्या. जिथे पाटावर अशी मोरी दिसते, तिथे समजावे की सडक करणाऱ्याने पाण्याची वाट मानली; पाट न बुजवता त्याच्यावरून रस्ता नेला. वाजिब-उल-अर्ज हा पाण्याच्या हक्काचा कागदी पुरावा, तर ही मोरी दगडी पुरावा आहे.

मग पाट कोरडा का पडला? मालगुजारी 1951 साली संपली, आणि ते योग्यच झाले. तलावांच्या कामात वेठही होती, हे विसरून चालणार नाही. परंतु मालगुजार गेला, तलाव सरकारकडे आले, आणि पावसाळ्यापूर्वी पाट साफ करायला गावाला बोलावणारी हाक पुष्कळ ठिकाणी बंद पडली. गाळ साचला. धुरे हळूहळू पाटात सरकले. अशा वेळी पाणी आधी तुटते ते शेवटच्या बांधीचे. आणि तिथला शेतकरी बहुधा लहानच असतो.

आज काही तलावांतला गाळ काढला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तलाव भरला आणि पाटच बुजलेला असला, तर शेतात पाणी जाणार कसे? सडक रुंद करताना जुनी मोरी निरुपयोगी समजून मातीखाली घातली, तर पाण्याची वाट कायमची बंद होते.

म्हणून गुरुजींना एक विनंती. एखाद्या सकाळी मुलांना अशा मोरीपाशी न्या. वर तुडुमापर्यंत चालत जा, मग खाली शेवटच्या बांधीपर्यंत. तो पाट मुलांकडून गावाच्या नकाशावर काढून घ्या. तलाठ्याकडे जाऊन निस्तारपत्रक पाहा. आणि तो नकाशा ग्रामसभेत मांडा. सडकेचे काम निघाले, तर मोरी का राखायची हे तेव्हा गावाला सांगता येईल.