आउटपुट वळवणे आणि परत आणणे

सी भाषेतल्या प्रोग्रामला युनिक्सवर सुरू होतानाच तीन वाटा उघड्या मिळतात: इनपुटची ०, आउटपुटची १ आणि चुकांच्या संदेशांची २. ‘प्रिंटएफ’ने लिहिलेला मजकूर १ क्रमांकाच्या वाटेने जातो. तिच्या टोकाला टर्मिनल असो की फाइल, प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यात काही बदलावे लागत नाही. हे टोक बदलणे म्हणजे आउटपुट वळवणे. वळवणे सोपे असते. अवघड असते ते परत मूळ जागी आणणे, आणि ही अडचण सी भाषेहून जुनी आहे.

१९६० च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून मल्टिक्स ही प्रणाली उभारायला घेतली. तिच्यात एखाद्या कमांडचे उत्तर फाइलीत हवे असेल तर तीन आज्ञा द्याव्या लागत. पहिलीने आउटपुट फाइलीला जोडायचे, दुसरीने मूळ कमांड चालवायची, तिसरीने आउटपुट पुन्हा टर्मिनलला जोडायचे. इतका रोजचा उपद्व्याप असूनही तो शेलमध्येच, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच, घालून टाकावा, हे कोणालाच सुचले नाही. बेल लॅब्सचे डेनिस रिची यांनी पुढे याच्या कारणाचा अंदाज मांडला आहे: इनपुट-आउटपुटचे काम मरे हिलला बेल लॅब्सकडे होते, तर शेल एमआयटीचा. दुसऱ्याच्या प्रोग्रामला हात कोण लावणार?

बेल लॅब्स १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्स लिहायला घेतली. इथे शेल आणि इनपुट-आउटपुट दोन्ही त्यांच्याच हातात होते. त्यामुळे आउटपुट आणि इनपुट वळवणाऱ्या ‘>’ आणि ‘<’ या चिन्हांची कल्पना सुचल्यावर ती प्रत्यक्षात यायला तासाभराचेच काम पुरले.

मल्टिक्सची तिसरी आज्ञा मात्र ‘फोर्क’मुळे निकालात निघाली. फोर्क चालू प्रोसेसची एक प्रत काढतो. पीडीपी-७ वर त्यासाठी असेंब्लीच्या नेमक्या २७ ओळी लागल्या होत्या. शेल आधी प्रत काढतो, आउटपुट त्या प्रतीत वळवले जाते आणि मग त्या प्रतीच्या जागी मागितलेली कमांड चालते. काम संपले की प्रत नाहीशी होते. शेलचे स्वतःचे आउटपुट हललेलेच नसते, तर परत काय आणायचे? याच गुणाचा एक तोटाही लगेच दिसला. डिरेक्टरी बदलणारी कमांड चालेनाशी झाली, कारण डिरेक्टरी बदलत होती ती फक्त प्रतीची!

एकाच सी प्रोग्रामने मध्येच आपले आउटपुट वळवले, की तिसरी आज्ञा पुन्हा दारात उभी राहते. इथे युनिक्सचा एक साधा नियम कामी येतो: नव्याने उघडलेल्या फाइलीला मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक मिळतो. ० वापरात असताना १ बंद करून फाइल उघडली, की ती १ होते. पण तसे करताना जुने टोक हातचे जाते. म्हणून आधी ‘डप’ने १ ची दुसरी प्रत एखाद्या वेगळ्या क्रमांकावर, समजा ५ वर, ठेवायची. मग ‘डप२’ने नवी फाइल १ वर आणायची आणि काम झाल्यावर पुन्हा ‘डप२’नेच ५ ला १ वर बसवून ५ बंद करायचा. ‘डप२’ युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आले. बंद करणे आणि प्रत काढणे ही दोन कामे ते एकाच हाकेत करते.

नवशिके फसतात ते याच्यावरच्या थरात. ‘प्रिंटएफ’चा मजकूर थेट वाटेला लागत नाही, आधी बफरमध्ये साठतो, फाइलीकडे जाणारा तर बहुधा बफर भरेपर्यंत तिथेच राहतो. बफर रिकामा न करता टोक बदलले, तर टर्मिनलसाठी लिहिलेली ओळ फाइलीत जाते, किंवा फाइलीची ओळ टर्मिनलवर येते. म्हणून वळवण्याआधी एकदा आणि परत आणण्याआधी पुन्हा एकदा ‘एफफ्लश’ बोलवावे लागते. चुकीच्या जागी गेलेल्या ओळींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

‘डप’ हे युनिक्सचे, सी भाषेच्या प्रमाणग्रंथातले नव्हे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात यासाठी ‘फ्रीओपन’ आहे. आउटपुटच्या ‘एसटीडीआउट’ या नावाला दुसरी किंमत देता येईलच असे नसल्याने, त्याच नावामागची फाइल बदलण्याची ही सोय. पण ती एकेरी आहे: जुनी फाइल बंद होते आणि परतीचा मार्ग प्रमाणात दिलेला नाही. मग कोणी युनिक्सवर ‘/डेव्ह/टीटीवाय’ किंवा विंडोजवर ‘कॉन’ पुन्हा उघडून वेळ मारून नेतात. प्रोग्राम टर्मिनलवर लिहीत होता तोवर हे खपते. शेलनेच ‘>’ लावून तो चालवला असेल, तर त्याचे मूळ टोक एखादी फाइल असते, आणि असे ‘परत’ आणलेले आउटपुट ते पूर्वी कधी नव्हतेच अशा जागी जाऊन पडते.