गिरणीतून गणपतीच्या कारखान्यात

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवलं. या संपाचा इतिहास सांगताना परळ, लालबाग, नायगाव ही नावं येतात. पण संप गावांनीही सोसला. खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे देणं जमेना, तेव्हा माणसं गावाकडे परतली. घाटावर गेली, तळकोकणात गेली, तशी आमच्या पेण-रोह्याकडेही आली. माझे बाबा त्यांतलेच. गिरणीत ते साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते.

ते मुंबईला का गेले होते, याचं उत्तर आमच्या जमिनीत आहे. पेणच्या खारेपाटात भाताचं एकच पीक निघतं. उधाणाला बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की तेही हातचं जातं. मिठागरांवरचं काम पावसाळ्यात बंद. त्यामुळे घरटी एखादा पुरुष मुंबईत, असा आमच्याकडचा रिवाजच होता. गिरणीचा पगार आला की घरात चूल पेटायची, बांधाची डागडुजी व्हायची.

संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. इतिहासाच्या पुस्तकात हे एक वाक्य असतं, आमच्या घरात ते पुढची दोन-तीन वर्षं होतं. ‘नोकरी गेली’ असं बाबांना कुणीच सांगितलं नाही. येणाऱ्या प्रत्येक एसटीतून कुणी ना कुणी बातमी आणायचं, ‘पुढच्या महिन्यात मिटतंय.’ बाबा ओटीवर बसून वाट बघत. कुणाच्या शेतावर मजुरीला जायची त्यांना लाज वाटे, कारण अजून ते स्वतःला गिरणीतलेच समजत होते. त्या काळात घर आईने चालवलं. पेणचे पोहे आणि पापड तेव्हाही नावाजलेले होते. आई पोह्याचे पापड लाटायला जायची, नगावर मजुरी घ्यायची.

बाबांना बाहेर काढलं ते गणपतीच्या कारखान्याने. पेणची मूर्तिकला तेव्हाच शंभर वर्षांची होत आली होती. देवधरांसारख्या घराण्यांनी ती पेण शहरात रुजवली. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला जोर दिला आणि मूर्तींना मुंबई-पुण्याची मोठी बाजारपेठ मिळाली. आधी सगळं काम शाडूचं. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आलं, मूर्ती हलकी आणि स्वस्त झाली, आणि कारखाने शहराबाहेर हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत पसरले.

या धंद्याचं मोठेपण मला त्याच्या रचनेत दिसतं. मूर्ती एका हाताने होत नाही. कुणी साच्यात प्लास्टर ओततो, कुणी काथ्या लावतो, कुणी जोड बुजवून पॉलिश पेपर मारतो. मग अस्तराचा पांढरा रंग, अंगाचा रंग, सोवळं, शेला, दागिने, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, पण पॉलिश पेपर मारायला पहिल्याच दिवशी बसता येतं. नवख्याला आत शिरायला जागा आहे आणि तिथून वर चढायला पायऱ्याही आहेत.

शेजारच्या कारखानदार काकांनी बाबांची विचारपूस केली नाही, सल्लाही दिला नाही. आईला म्हणाले, “वहिनी, दादाला उद्यापासून पाठवा. माझ्याकडे माणूस कमी आहे.” मदत मागायची वेळच त्यांनी बाबांवर येऊ दिली नाही. बाबा जाऊ लागले. सुताचा तुटलेला धागा हेरणारी त्यांची नजर मूर्तीच्या जोडावर बसली. काही वर्षांनी आम्ही कच्च्या मूर्ती घेऊन घरीच रंगवू लागलो. आखणी मी तिथेच शिकले.

लग्न होऊन मी रोह्याला आले. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली होती, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने उभे होते आणि मुंबईला न जाता पगार मिळू लागला होता. पण त्या पगाराचीही शाश्वती नव्हती. माझ्या यजमानांची कंपनी बंद पडली, तेव्हा आमच्या घरात हे दुसऱ्यांदा घडत होतं. या वेळी आम्ही वाट बघितली नाही. पहिल्याच आठवड्यात भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे कागद गोळा केले, मुलांना खरं काय ते सांगितलं, आणि दोघं मिळून माहेरच्या कारखान्यात जाऊ लागलो. मालाचा हिशेब आणि गाड्यांची भरणी त्यांनी हाती घेतली. कंपनीतली शिस्त तिथे उपयोगी पडली.

आज हा आसराही डळमळीत आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी नियमावली आली. त्याच वर्षी मूर्तींच्या उंचीवर मर्यादा आली आणि ३ जूनच्या निसर्ग वादळाने रायगडातली छपरं उडवली. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र तेव्हा दिली नाही. नद्या आणि खाड्या वाचायलाच हव्यात, त्यांच्याच काठी आमची शेतं आहेत. पण बदल कामगाराच्या पोटावरून जाणार असेल, तर शाडूचं शिक्षण, ती माती आणि तिला लागणारं भांडवल त्याच्यापर्यंत पोहोचवणं हे सरकारचं काम आहे. १९८२ नंतर गिरणी कामगाराला वाऱ्यावर सोडलं गेलं. त्याच्या घरांची पहिली मोठी सोडत निघायला २०१२ साल उजाडलं. तीस वर्षांचा तो उशीर पुन्हा होऊ नये.

आणि एक मागणं तुमच्याकडे. तुमच्या आळीत कुणाची नोकरी गेली असेल, तर ‘आता पुढे काय?’ असं त्याला विचारू नका. त्याला काहीतरी काम द्या, आणि ते द्यायला स्वतः त्याच्या दारी जा.