समुद्राचा तळ कागदावर आणणारी मेरी



समुद्राच्या तळाशी काय असतं गं आई, असं पोरांनी विचारलं तर आपण बहुतेक जणी सांगू, वाळू आणि चिखल, सगळं सपाट. पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही तसंच वाटायचं. आज आम्ही सांगणार आहोत ते अमेरिकेतल्या मेरी थार्प या बाईबद्दल.

मेरीचा जन्म १९२०चा. वडील सरकारी नोकरीत, गावोगाव फिरून शेतजमिनीच्या मातीचे नकाशे करायचे. १९४८ साली मेरी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नोकरीला लागली. तिथल्या बोटी समुद्राची खोली मोजत फिरायच्या, पण बायकांना त्या बोटींवर घेत नसत. ब्रूस हीझेन हे सहकारी बोटीवरून आकडे आणायचे आणि मेरी ते टेबलावर बसून कागदावर मांडायची.

खोली मोजायची कशी? विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो ना, तसंच. बोटीवरून खाली आवाज सोडायचा आणि तो तळाला आपटून किती वेळात परततो ते बघायचं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो. चार सेकंदांनी परतला, तर जाताना दोन, येताना दोन. म्हणजे खोली ३,००० मीटर. एवढं गणित चौथीतलं पोरही करेल.

असे हजारो आकडे जोडताना अटलांटिक महासागराच्या मधोमध डोंगरांची लांबच लांब रांग दिसली. ती रांग असल्याचं आधीच माहीत होतं. पण तिच्या माथ्यावरून एक खोल घळ जाते, हे मेरीला १९५२-५३च्या सुमारास दिसलं. म्हणजे तिथे जमीन फाकते आहे! हीझेन म्हणाले, या बायकी गप्पा. हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत, नाही का?

शेजारच्या टेबलावर एक जण समुद्रातल्या भूकंपांच्या जागा मांडत होता. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, तर भूकंप नेमके त्या घळीच्या वाटेवर! मग हीझेनना पटलं. पण १९५६ साली हा शोध जाहीर झाला, तेव्हा त्यावर नावं दोन पुरुषांची होती.

झाक कूस्तो या फ्रेंच दर्यावर्दीलाही हे खोटं वाटत होतं. त्याने बोटीमागे कॅमेरा तळापर्यंत सोडून ओढला. घळ कॅमेऱ्यात आली आणि १९५९ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत सगळ्यांनी ती पाहिली.

मेरीला मात्र संशोधनाच्या बोटीवर पाय ठेवायला नोकरीला लागल्यापासून पंधरा वर्षांहून जास्त काळ थांबावं लागलं. १९७७ साली सगळ्या जगाच्या समुद्रतळाचा नकाशा तयार झाला. आपल्या अरबी समुद्राच्या पोटातली डोंगररांगही त्यात दिसते. त्यावर हीझेन यांच्या शेजारी मेरी थार्प हे नाव छापलेलं आहे.