चांदबिबी महाल : आरोग्यधाम आणि पोस्टकार्ड

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर उभी असलेली तीन मजली अष्टकोनी दगडी वास्तू. नाव चांदबिबीचे, पण कबर आहे मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान दुसरा याची. तो १५८९च्या सुमारास वारला. लोकांनी दिलेले नाव खऱ्या मालकाला पुरून उरले.

ब्रिटिश काळात छावणीतील गोऱ्या सैनिकांना हवापालटासाठी इथे आणत. कारण उघड आहे: माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ९४० मीटर उंच, आणि रुंद कमानींमधून अखंड वारा. क्षयावर प्रतिजैविके नव्हती तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार असे. कबरीच्या छताखाली जगण्याची उमेद धरणारे आजारी सैनिक, हे दृश्य मनाला चटका लावते.

अशा ठिकाणाहून घरी खुशाली कळवायला पोस्टकार्ड सोयीचे. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले. चित्रकार्डे नंतर आली. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहिता येत नसे, म्हणून चित्राच्या कडेलाच चार ओळी कोंबाव्या लागत.

जुने कार्ड अभ्यासताना आधी डाकेचा शिक्का पाहावा. चित्र विकत कुठूनही घेता येते, कार्ड कुठून निघाले ते शिक्काच सांगतो. नगरबाबत हे विशेष महत्त्वाचे, कारण बोअर युद्धातील बोअर आणि पहिल्या महायुद्धातील जर्मन कैदीही इथल्या छावणीत होते. त्यांच्या टपालावर तपासणीच्या खुणा असत.