बांधावरून दिसतं तेवढंच

कल्याण-नगर रस्त्याला पिंपरी पेंढारच्या आसपास आज कांदा, टोमॅटो, ऊस दिसतो. तात्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, गोष्टींत मात्र सगळी बाजरीच. बी घरचं. खळ्यावर आजी टपोरी कणसं निवडून आढ्याला टांगायची. पोरांनी हात लावला की धपाटा.

1965 साली एचबी-1 ही देशातली पहिली संकरित बाजरी आली. आमच्याकडे तिला 'हायब्रेट' म्हणत. ग्रामसेवक सांगून थकला, तात्या बधले नाहीत. "सरकार सांगतंय म्हणून नाय, शेजाऱ्याची पोती मोजली तवा घेतली," असं ते सांगत. बुटकी ताटं, गच्च कणसं, सगळं बांधावरून दिसत होतं.

दिसला नव्हता तो गोसावी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संकरित बाजरीवर केवड्याची साथ आली. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुबका, अगदी जटाच; म्हणून त्या रोगाला गोसावी म्हणतात. "रानात गोसाव्यांचा मेळा, अन् झोळी आमच्या खांद्याला," तात्या म्हणायचे. आढं तोवर रिकामं झालं होतं. हायब्रेटचं बी दरसाल विकतच घ्यायचं असतं, मग कणसं टांगणार कोण?

आमची आत्या शेवगावकडे दिलेली, कपाशीच्या मुलखात. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बियाणं जालन्याच्या महिकोचं, जनुक मातीतल्या एका जिवाणूचं. पान-बोंड कुरतडलं की अळी मरते. मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, जनुक कशाला म्हणतात ते विचारलंच नाही. पाहुण्यांच्या रानात बोंडं पाहिली, दुकानदाराला विचारलं, पेरलं. याला कुणी अडाणीपणा म्हणालं तर मला राग येतो. पाठीवर पंप घेऊन दर आठवड्याला विष फवारणाऱ्याला फवारणी वाचणं हेच मोठं उत्पन्न.

बियाण्याच्या बॉक्समध्ये तेव्हा 450 ग्रॅमचं पाकीट, सोबत 120 ग्रॅमचं छोटं. छोट्यात साधी कपाशी, कडेनं लावायची. तिच्यावर जगलेल्या अळ्यांच्या पतंगांचा बीटीला पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी संकर व्हावा आणि बीटीची ताकद टिकावी, एवढाच हेतू. मामांनी ते वळचणीला खोचलं. "अळीला जेवायला कपाशी लावू होय?" घरोघर हेच झालं. न लावल्याचा तोटा शेजारच्या रानात दिसणार तरी कसा? 2017 साली गुलाबी बोंडअळीनं राज्यभर बोंडं पोखरली, तीही दोन जनुकांच्या बीटीतली. तात्या तोवर नव्हते, नाहीतर गोसाव्याची गोष्ट पुन्हा ऐकवली असती.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शहरी पाहुणे कुजबुजतात, "हे जीएम ना?" नाही हो, ते नुसतं संकरित. बीटी वांग्याला 2010 मध्येच स्थगिती मिळाली. आपल्याकडे शेतकऱ्याला कायद्यानं विकत मिळतं ते जीएम बियाणं एकट्या कपाशीचं.

त्या साध्या कपाशीचं बी आता मोठ्या पाकिटातच मिसळून येतं. वळचणीला खोचायची सोय राहिली नाही.