सिबिल: सोळा माणसं, एक पत्र आणि माझी चूक

इयरफोन लावलेत ना? आजची गोष्ट एका पुस्तकाची आहे, आणि थोडी माझ्या आगाऊपणाचीही.

'अपरिचित' किंवा 'भूल भुलैया' आपण सगळ्यांनी पाहिलाय. एका शरीरात एकाहून जास्त माणसं. ही कल्पना जगभर घरोघरी पोचवण्यात एका अमेरिकन पुस्तकाचा मोठा वाटा आहे: 'सिबिल', साल 1973. लेखिका फ्लोरा श्रायबर. एका तरुणीत 16 व्यक्तिमत्त्वं राहतात, लहानपणी आईने केलेल्या भयंकर छळामुळे तिचं मन फुटलं, आणि डॉ. कॉर्नेलिया विल्बर यांनी तिला पुन्हा एकसंध केलं, अशी ती कहाणी. कादंबरी म्हणून नाही हं, सत्यकथा म्हणून! लाखो प्रती खपल्या. 1976 मध्ये सॅली फील्डला घेऊन टीव्हीवर फिल्मही आली.

आता आकडे बघा. 'सिबिल'च्या आधी, सगळ्या वैद्यकीय इतिहासात मिळून अशा केसेस शंभर-दोनशेच्या आसपास नोंदलेल्या. नंतरच्या वीसेक वर्षांत त्या हजारांत गेल्या. 1980 मध्ये अमेरिकेच्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत 'मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे नाव आलं. आम्हा इंजिनियर लोकांना असा ग्राफ दिसला की पहिला प्रश्न पडतो: आजार वाढला, की मोजायची पद्धत बदलली?

संशय घ्यायला कारणं होती. सिबिल म्हणजे मिनेसोटातल्या एका छोट्या गावातली शर्ली मेसन. तिला सोडियम पेंटोथालची इंजेक्शनं दिली जात, संमोहनही होई. अशा गुंगीत आठवण आणि कल्पना यांची सरमिसळ होते, आणि समोरचा जे सुचवेल ते खरं वाटायला लागतं. विल्बर नसताना डॉ. हर्बर्ट स्पीगल तिला बघायचे. त्यांनी 1997 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की एकदा शर्लीने त्यांनाच विचारलं, मी आता हेलन होऊ का? डॉ. विल्बरना तसं लागतं म्हणे! पुस्तक आलं तेव्हा आई हयात नव्हती. म्हणजे आरोपांना उत्तर द्यायला कुणी उरलंच नव्हतं. आणि पुस्तकाच्या कमाईत डॉक्टर, लेखिका आणि पेशंट असे तिघांचे वाटे ठरलेले.

2011 मध्ये डेबी नेथन या पत्रकार बाईंनी श्रायबरची जुनी कागदपत्रं तपासून एक पुस्तक लिहिलं. त्यात एका पत्राची गोष्ट आहे. 1958 मध्ये शर्लीने विल्बरना लिहिलं होतं की माझ्यात वेगवेगळी माणसं नाहीत, मी तुमच्याशी खोटं बोलत आले. डॉक्टरांनी काय केलं? हे पत्र म्हणजे आजाराचाच भाग, बरं व्हायला मनाने केलेला विरोध, असं ठरवलं. उपचार पुढे चालू.

हे वाचून मी जाम खूश झालो. काहीतरी मोठं पकडल्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीने मला सांगितलं की तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असल्याचं निदान झालंय. आणि मी काय म्हणालो? "खरंच का गं? की डॉक्टरने डोक्यात भरवलंय?"

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

खरं तर तिचा आजार वेगळा आणि सिबिलचा वेगळा. सिबिलच्या आजाराला 1994 पासून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' म्हणतात. त्याच्याबद्दल तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहेत, पण निदान यादीत आहे आणि त्रास भोगणारी माणसंही आहेत. एक पुस्तक संशयास्पद ठरलं म्हणून सगळे पेशंट खोटे ठरत नाहीत. एका ॲपमध्ये बग निघाला म्हणून आपण अख्खा फोन फेकून देतो का?

पण खरी चपराक नंतर बसली. मी शर्लीला 'खोटं बोलणारी' समजत होतो. परत विचार केला तेव्हा लक्षात आलं, तिला त्रास होता, हे नेथनही नाकारत नाहीत. त्यांच्या मते त्यातली काही लक्षणं ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जोडलेल्या रक्तक्षयाची असू शकतात. ती मदत मागायला आली होती. डॉक्टरांना 16 माणसं हवी होती, तोवर तिचं सगळं ऐकलं गेलं. 'तसं काही नाही' असं तिने लिहिलं, त्या दिवशी मात्र कुणी ऐकलं नाही. माझंही तेच झालं. मला एक थिअरी सिद्ध करायची होती, आणि समोर बहीण बसली होती.

शेवटी फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, तू ऐकायला फोन केलायस की तपासायला?"

मी म्हटलं, ऐकायला. मग ती तासभर बोलली आणि मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

पुस्तकाची उलटतपासणी जरूर करा मंडळी. तारखा बघा, पैसे कुणाला मिळाले ते बघा. पण जवळचं माणूस बोलत असेल, तर तेवढा वेळ लॅपटॉप मिटून ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!